टेपचं दुमडलेलं टोक

सोमवार, ६ ऑक्टोबर

मालकांनी आज फर्मान काढलं. महिनाभर प्रत्येक उडीला कॅमेऱ्याचं सेटिंग लिहून ठेवायचं. शटर किती, आयएसओ किती, रंगाचं काय केलं, आणि गिऱ्हाईक काय म्हणालं तेसुद्धा. त्यासाठी एक फाइल दिली आहे. त्या फाइलीत मी सभ्य भाषेत लिहीन. खरं काय ते इथे लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

अकरा वर्षं मी लोकांचे आकाशातले फोटो काढतेय. साडेतीन हजारांवर उड्या झाल्या. गिऱ्हाइकाला बुवाच्या छातीला पट्ट्यांनी बांधलेलं असतं. बुवा म्हणजे आमचा उड्या मारणारा शिक्षक; दाढी आणि शांतपणा यांमुळे हे नाव पडलं. ते दोघं विमानातून पडतात आणि मी त्यांच्यासमोर पडत पडत फोटो काढते. कॅमेरा माझ्या हेल्मेटवर, बटण तोंडात, जिभेने दाबायचं. उजव्या डोळ्यासमोर तारेला लावलेली एक छोटी कडी असते. त्या कडीत माणूस आला की फोटोत आला. वर दुसरं काही करता येत नाही, पन्नास सेकंदांत सगळं संपतं. म्हणून काय ठरवायचं ते जमिनीवर ठरवायचं आणि मग बटणांवर, फोकसच्या चकतीवर टेप चिकटवून टाकायची, म्हणजे वाऱ्याने काही हलत नाही. उतरल्यावर अर्ध्या तासात फोटो गिऱ्हाइकाच्या हातात पडतात. मागाहून कॉम्प्युटरवर रंगरंगोटी करायला इथे कोणाला फुरसत नाही.

आणि तक्रार काय, तर म्हणे आम्ही निळे दिसतो! शनिवारी एक बाई नवऱ्याचा फोटो बघून म्हणाली, "हे बुडून वर आल्यासारखे दिसताहेत." मला तर फोटो अजून फिकेच वाटले. नवा कॅमेरा आल्यापासून सगळं असं चहा सांडल्यासारखं पिवळट येतंय. मीच मारूनमुटकून त्यात थोडा रंग भरते, तर यांना तो निळा दिसतो.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो आमच्याच केंद्रात पॅराशूटच्या घड्या घालतो. "हं," म्हणाला आणि दुधाच्या पिशवीचं कापलेलं टोक दुमडत बसला. या माणसाला टोकं दुमडायचा रोग आहे. टूथपेस्ट, बिस्किटांचा पुडा, टेपचं रीळ, सगळ्याचं टोक कात्रीने सरळ कापायचं आणि दुमडून ठेवायचं. म्हणे, पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जातं. पुढचा माणूस म्हणजे घरात मीच, आणि मी टेप दाताने तोडते.

बुधवार, ८ ऑक्टोबर

फाइलीसाठी सकाळपासून खटाटोप. शटर एक हजारांश, ॲपर्चर आठ, आयएसओ आपोआप पण चारशेच्या वर जायचा नाही. आकाश लख्ख असलं की कॅमेरा घाबरतो आणि चेहरे काळे करतो, म्हणून उजेड दोन पायऱ्या वाढवला. इथपर्यंत सगळं पाठ आहे. भांडण आहे ते रंगाशी.

विमान ठेवायच्या हँगरच्या दारात बुवाला त्याचा नारिंगी पोशाख घालून उभा केला आणि बावीस फोटो काढले. रंगाचा जोर एकेक पायरी वाढवत गेले. मला हवा तसा ठसठशीत रंग शेवटून दुसऱ्या पायरीवर आला, तोही निळ्याकडे दोन घरं सरकवल्यावर. बुवा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "जरा जास्त नाही होत?"

मी म्हटलं, "तू उड्या मार. रंगाचं माझ्यावर सोड."

फोकस नेहमीप्रमाणे हँगरच्या दारावरच्या पाटीवर जुळवला. पाटीसुद्धा कोणी पुसत नाही. अक्षरं किती पुसट झालीत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

चार उड्या. दोन तक्रारी. एक मुलगी म्हणाली, माझे ओठ असे का? दुसऱ्याचा फोटो धूसर. लेन्समध्येच काहीतरी आहे, मालकांनी जुनी कोणाची तरी गळ्यात घातली असणार.

शिवाय उतरताना दोनदा बुडावर बसले. मैदानाची जमीन कोणीतरी उकरून ठेवली आहे. पाय टेकायला जावं तर जमीन आधीच लागते नाहीतर लागतच नाही. मालकांना सांगितलं, तर ते मैदानाकडे बघून "कुठे?" म्हणाले. या माणसाला आपल्या मैदानात काय चाललंय याचा पत्ता नसतो.

याहून मोठी बातमी घरी वाट बघत होती. सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं, "मी उडी मारणार आहे."

मी म्हटलं, "कुठून?"

"तुमच्या विमानातून. दोन तारखेला मला चौऱ्याहत्तर पूर्ण होतात. डॉक्टरांना विचारून आले. हाडं बरी आहेत म्हणाले."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आई मात्र शांतपणे भात कालवत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि फोटो तू काढायचास. पंचवीस वर्षं घरात फोटोवाली सून आहे आणि माझा एक धड फोटो नाही. प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले."

हे अगदी खरं आहे. लग्नातला असो, बारशातला असो, की पासपोर्टचा; बटण दाबलं की आईंचे डोळे मिटलेच. आम्ही इतकी वर्षं त्यावर हसतो. त्यांना ते लागत असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी "काढते" म्हटलं. मला काढायचाच आहे. एक तरी, उघड्या डोळ्यांचा.

रविवार, १२ ऑक्टोबर

आई उडीसाठी स्कार्फ घेऊन आल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आकाशातून उडी मारायची आणि रंग निवडला तो मळखाऊ तपकिरी! मी म्हटलं, "आई, जरा उठावदार घ्यायचा होतात." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

नवरा म्हणाला, "जांभळा शोभतो आईला."

या माणसाला रंग कधीच कळले नाहीत. परवाही एक काळा आणि एक निळा मोजा घालून गेलीस म्हणून मला हसला. दोन्ही काळे होते. मी स्वतः खिडकीत धरून बघितले होते.

ठीक आहे. तपकिरी तर तपकिरी. त्यात जीव ओतणं माझं काम. रंगाचा जोर आणखी वाढवावा लागेल.

बुधवार, १५ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात नवा, मोठा दिवा लावला. जुन्यात तांदळातले खडे दिसेनात. आई म्हणाल्या, "माझं ऑपरेशन झालं ना डोळ्यांचं, तेव्हा मला कळलं या घरातली भांडी किती कळकट आहेत."

घ्या! भांडी मी घासते हे त्यांना चांगलं माहीत आहे. टोमणा मारायला माणसाला डोळ्यांच्या ऑपरेशनापासून सुरुवात करता येते हे मला नवीन होतं. मी फक्त कढई आपटली.

संध्याकाळी गाडी नवऱ्यानेच चालवली. हल्ली समोरचे लोक दिवे इतके प्रखर लावतात की प्रत्येक दिव्याभोवती रिंगण दिसतं. कायदा करायला हवा.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज पाच उड्या आणि एकही तक्रार नाही. उलट एक गृहस्थ मालकांचा हात हातात घेऊन म्हणाले, असे जिवंत रंग आम्ही कुठे बघितले नाहीत. मालक माझ्याकडे बघून हसले, महिन्यात पहिल्यांदा.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी ते फोटो बघितले आणि मला कळेना. साफ पिवळट, मरगळलेले, आजारी माणसासारखे. हे कसले जिवंत रंग? लोकांची आवडच बिघडली आहे.

नंतर कॅमेरा पुसताना लक्षात आलं. टेप. मी टेप दाताने तोडते, तिचं टोक कुरतडल्यासारखं असतं. या टेपचं टोक सरळ होतं, कात्रीने कापलेलं, वर थोडं दुमडलेलं. आणि आत बघितलं तर माझं सेटिंग बदललेलं. रंग साध्या उन्हाच्या खुणेवर, जोर एकच पायरी. फोकसही मी ठेवला होता तिथून सरकलेला.

कोणीतरी माझ्या कॅमेऱ्याला हात लावतंय.

रविवार, १९ ऑक्टोबर

छोटी. दुसरं कोण असणार? ती वर्षभरापूर्वी आली, सोमवार ते शुक्रवार फोटो काढते, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीच्या उड्या माझ्याकडे आहेत. त्या तिला हव्या असणार. सकाळी तिला हँगरमागे गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं.

ती म्हणाली, "ताई, तुमच्या कॅमेऱ्याला मी कशाला हात लावू?"

"मग टेप कोणी कापली?"

टेप बघून ती काहीतरी बोलायला गेली, मग गप्प झाली. घड्या घालायच्या टेबलाकडे एकदा बघितलं. तिथे माझा नवरा नेहमीसारखा खाली मान घालून पॅराशूट दुमडत होता. "मला नाही माहीत, ताई," म्हणाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी नवऱ्याला हाक मारून साक्षीला बोलावलं, तर हा म्हणतो, "जाऊ दे ना. फोटो चांगले आले ना?"

जाऊ दे! अकरा वर्षांत माझ्या सेटिंगला कोणी बोट लावलेलं नाही. बायकोच्या बाजूने एक शब्द निघेना याच्या तोंडून.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

वार्षिक तपासणी. रक्तदाब उत्तम, वजन तेच. डोळ्यांना काही झालेलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचून दाखवलं. डॉक्टरांच्या भिंतीवर अकरा वर्षं तोच तक्ता आहे, आता तर न बघताही म्हणता येतो. शिक्का मिळाला. मालकांच्या टेबलावर ठेवला, म्हणजे लेन्स बदलून द्यायला त्यांना सबब उरणार नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज पहारा दिला. हेल्मेट क्षणभरही खाली ठेवलं नाही, चहाला गेले तरी काखेत. सगळं माझ्या मनासारखं सेट केलं, माझ्या दातांनी तोडलेली टेप, माझा रंग.

पाच उड्यांत चार तक्रारी. एका कुटुंबाने फोटो घ्यायलाच नकार दिला. त्यांचा लहान मुलगा स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा मेलेत का?"

मालकांनी खोलीत बोलावलं. ते ओरडत नाहीत, तेच जास्त वाईट. म्हणाले, "मागच्या शनिवारी तूच एवढे चांगले काढलेस. मग आज काय झालं? तुझा काही त्रास असेल तर सांग." मी म्हटलं, त्रास तुमच्या लेन्सचा आहे. त्यांनी टेबलावरचा माझा शिक्क्याचा कागद एकदा बघितला. मग म्हणाले, दोन तारखेनंतर शनिवार-रविवार छोटीला देऊन बघू या. आईंची उडी तेवढी तू कर.

म्हणजे अकरा वर्षांचं हे फळ. घरी येताना नवरा गाडी चालवत होता. वाटेत दोनदा त्याने "ऐक ना" म्हटलं आणि दोनदा मी खिडकीबाहेर बघितलं.

रविवार, २६ ऑक्टोबर

हेल्मेट आता कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात.

शनिवार, १ नोव्हेंबर

दुपारी कडाक्याचं भांडण. नवरा समोर येऊन बसला, हातात कात्री आणि टेपचं रीळ, बहुतेक काहीतरी दुमडता दुमडता उठून आला होता. म्हणाला, "उद्या आईचे फोटो छोटीला काढू दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"तू सोबत जा. पण फोटो तिला काढू दे. नाहीतर निदान लांबून काढ. जवळ जाऊ नकोस."

लांबून! मी साडेतीन हजार वेळा लोकांच्या हाताला हात लावून फोटो काढले आहेत. माझ्यावर मालकांचा विश्वास नाही, गिऱ्हाइकांचा नाही, आणि आता माझ्या नवऱ्याचाही नाही. मी तेच बोलले, जरा मोठ्याने. तो म्हणाला, "विश्वासाचं नाही गं," आणि मग पुढचं वाक्य त्याला सापडेना. त्याला ते कधीच सापडत नाही.

आई आतून म्हणाल्या, "माझा फोटो तीच काढणार." निदान एका माणसाला तरी माझी किंमत आहे.

एकदाचं सेट करून ठेवलं. रंगाचा जोर सगळ्यांत वरच्या पायरीला, निळ्याकडे तीन घरं. तो तपकिरी स्कार्फही उजळून निघेल. टेप लावली आणि कपाट बंद केलं. उद्या मी सगळ्यांना दाखवणार आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

सगळं लिहिते.

आई विमानात बुवाच्या पुढ्यात बसल्या होत्या, बसच्या पहिल्या सीटवर बसावं तशा. दार उघडलं. वारा आत आला. मी बाहेरच्या दांड्याला धरून लटकले, बुवाने मान हलवली आणि आम्ही सुटलो.

त्या पडल्या आणि त्यांनी डोळे उघडे ठेवले! चष्म्याआड लख्ख उघडे. तोंडही उघडं, हसत होत्या की ओरडत होत्या कळेना. मी जिभेने बटण दाबत राहिले. कडीत त्यांचा चेहरा नीट बसला होता. मला वाटलं, आता जवळून. पंचवीस वर्षांचा एक फोटो. आईंनी दोन्ही हात माझ्याकडे पसरले. मी पुढे सरकले. कडीत बघून मला वाटलं अजून दोन हात अंतर आहे.

अंतर नव्हतं. माझं हेल्मेट त्यांच्या मनगटावर आदळलं. त्यांचा चेहरा वेदनेने आकसलेला मी इतक्या जवळून बघितला की कडीचा काही उपयोगच नव्हता. बुवाने हाताने मला मागे लोटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला वर असं लोटलं.

खाली मी मैदानाच्या कुंपणात जाऊन पडले. धावत गेले तर आई गवतावर बसल्या होत्या, मनगट सुजलेलं, नवरा त्यांच्यापाशी. म्हणाल्या, "लागलं नाही गं फारसं. किती मजा आली!" मनगट मोडलेलं नाही, मुरगळलं आहे. पण बुवा म्हणाला, चार बोटं वर लागलं असतं तर तोंडावर. त्याने ते शांतपणे सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मला रडू येत होतं, तरी मी कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला. मला निदान तेवढं तरी हवं होतं. आणि फोटो उघडले तर काय, अप्रतिम! माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर. आकाश हवं तसं, चेहरा हवा तसा, डोळे उघडे. मी सगळ्यांना बोलावलं. "बघा," म्हटलं, "बघा आता!"

मालक, बुवा, छोटी, सगळे पडद्याकडे बघत होते आणि मग एकेक करून जमिनीकडे. छोटीचे डोळे भरून आले. ते मला कसं कळलं कोण जाणे, पण कळलं.

आई पुढे आल्या. गळ्यातला स्कार्फ एका हाताने सोडला आणि माझ्यासमोर धरला. "याचा रंग सांग."

"तपकिरी," मी म्हटलं. "का?"

त्यांनी आपला बरा हात उचलला आणि माझा डावा डोळा झाकला, लहान मुलाचा झाकतात तसा. "आता मी दिसते?"

मला आई दिसल्या नाहीत. पिवळं धुकं होतं आणि त्यात कोणाची तरी आकृती. मी हे उजव्या डोळ्याने, त्या कडीतून, कोण जाणे किती महिने बघत होते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी स्वयंपाकघरात नवरा म्हणाला, "टेप मी बदलत होतो."

मी दुधाची पिशवी हातात घेतली होती. तिचं टोक कात्रीने सरळ कापून दुमडलेलं होतं. इतके दिवस हे टोक माझ्या हातात रोज येत होतं आणि मी छोटीला चोर ठरवून मोकळी झाले होते.

"तुला निळं दिसत नाही हे मला मोज्यांवरून कळलं," तो म्हणाला. "छोटीकडून आकडे लिहून घेतले. ती नको म्हणत होती. तिला काही बोलू नकोस."

"कशाला केलंस?"

"फोटो बिघडले असते तर तुला काढून टाकलं असतं. तू घरी बसलेली मला चालली नसतीस. म्हणजे, तुला चाललं नसतं."

मला आधी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि लगेच ती पिशवी डोक्यात घालावीशी वाटली. मी म्हटलं, "फोटो सांभाळत बसलास. मी दर शनिवारी जमिनीवर आपटत होते, ते दिसलं नाही तुला?"

"दिसत होतं."

"मग?"

तो माझ्या हातातल्या पिशवीचं टोक बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुझ्या पॅराशूटची घडी मी घालतो. ते उघडणारच. तेवढं माझ्या हातात आहे. पुढचं तुला सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर तू थांबली असतीस, आणि मग माझ्यामुळे थांबली असतीस."

"आणि काल आईंचा जीव गेला असता तर?"

तो रडत होता. पंचवीस वर्षांत मी त्याला दुसऱ्यांदा रडताना बघितलं, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

मग मला डॉक्टरांचा तो तक्ता आठवला. त्याला कसला दोष देऊ? मी तर तक्ता पाठ केला होता.

सोमवार, १० नोव्हेंबर

उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, डाव्यात सुरुवात. नेत्रतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

उड्या बंद. मालकांकडे जाऊन शिक्का मारलेला कागद स्वतः परत मागून घेतला आणि फाडला. छोटीची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, मीच आधी बोलायला हवं होतं." मी म्हटलं, हो, हवं होतं. मग दोघी हसलो, फार नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल पट्टी काढली.

भांडी खरंच कळकट आहेत. आईंचा तो टोमणा नव्हता, त्या मला सांगत होत्या. मी फोडणीची कढई उन्हात धरून बघितली आणि शरमेने परत ठेवली. नवऱ्याची दाढी पांढरीशुभ्र झाली आहे. हे कधी झालं? मी त्याला विचारलं तर म्हणतो, दोन वर्षं झाली. मोज्यांच्या खणात चार जोड्या चुकीच्या.

आईंनी स्कार्फ पुढ्यात ठेवला. जांभळा. इतका जांभळा, की मी तो खिडकीत धरून पुन्हा बघितला.

मग मी तो फोटो उघडला. माझा सर्वांत सुंदर फोटो. आई त्यात दौतीत बुडवून काढल्यासारख्या दिसतात. कपाळ निळं, दात निळे, ओठ काळे. आणि फोकस त्यांच्यावर नाहीच, मागच्या ढगावर आहे. मी हे सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

"आई," मी म्हटलं, "मी तुमचं वाटोळं केलं."

त्यांनी मनगटाला पट्टी बांधलेल्या हाताने चष्मा सावरला आणि नीट बघितलं. "डोळे उघडे आहेत की." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मला हा नको. मी भुतासारखी दिसते. पुन्हा काढायचा."

"आई, तुमच्या हाताला..."

"हात बरा होईल. तुझा डोळाही होईल. मला कुठे घाई आहे?"

शनिवार, ३१ जानेवारी

डाव्याचंही डिसेंबरात उरकलं. नेत्रतज्ज्ञ बाईंनी गेल्या आठवड्यात परवानगी दिली. त्यांचा तक्ता दर वेळी वेगळा असतो. मी विचारून घेतलं. पाच उड्या एकटीने मारल्या, पाचही वेळा पायांवर उतरले. मैदान सपाट आहे. कोणी उकरलेलं नव्हतं.

शनिवार-रविवार आता छोटीचेच. मला बुधवार मिळाला आहे आणि माझी त्यावर काही तक्रार नाही, म्हणजे आहे, पण ती मी इथे लिहिणार नाही. आजचा शनिवार छोटीने मला एका उडीपुरता दिला. आईंच्या.

बुवाने आईंना पट्ट्या बांधायला घेतल्या. स्कार्फ तोच. मी हँगरच्या दारात बसून सेटिंग केलं. शटर एक हजारांश, ॲपर्चर आठ, उजेड दोन पायऱ्या वर, रंग साध्या उन्हाच्या खुणेवर, जोर फक्त एक पायरी. पाटीवर फोकस जुळवला. पाटी अगदी स्वच्छ आहे.

मग मी हेल्मेट उचललं आणि घड्यांच्या टेबलापाशी गेले. नवरा माझं पॅराशूट पिशवीत भरत होता.

"बघ," मी म्हटलं.

त्याने हात पुसले. कॅमेरा घेतला, दोन फोटो काढून बघितले, एक आईंचा, एक माझा. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता "हं" म्हणेल.

"जरा निळं आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

त्याने दाखवलं. खरंच होतं, चेहऱ्याच्या कडेला, अर्धं घर. सवयीने माझं बोट तिकडे सरकलं असणार. मी ते अर्धं घर मागे घेतलं. त्याने मान हलवली.

मी टेप दाताने तोडली, बटणांवर आणि चकतीवर नीट दाबून बसवली. आई दारातून हाक मारत होत्या, विमान सुरू झालं होतं. मी थांबले. त्याच्या टेबलावरची कात्री घेतली, टेपचं टोक सरळ कापलं आणि बोटाने थोडं दुमडलं.